‘इदाल्गो’ या शब्दाच्या कसोटीवर स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश

शब्दकोशाची परीक्षा ‘घर’, ‘पाणी’, ‘जाणे’ अशा शब्दांवर घेण्यात अर्थ नसतो, कारण हे शब्द सामान्य कोशकाराच्याही हातून बिघडत नाहीत. परीक्षा घ्यावी ती अशा शब्दावर, जो लोकांच्या तोंडून गेला आहे पण पुस्तकांतून गेलेला नाही. ज्या समाजव्यवस्थेत त्याला अर्थ होता ती व्यवस्था मोडून गेली आहे आणि तरीही त्याची एखादी छटा अजून टिकून आहे. स्पॅनिशमधला ‘इदाल्गो’ हा तसा शब्द आहे. ही भाषा शिकणाऱ्याला तो लवकरच भेटतो आणि हाताशी असलेल्या छोट्या द्विभाषिक कोशात त्याच्यापुढे ‘सभ्य गृहस्थ’ किंवा ‘उमराव’ एवढेच लिहिलेले आढळते. सभ्य गृहस्थ कोणीही होऊ शकतो, उमराव मात्र जन्माने किंवा राजाच्या मर्जीनेच होतो. तेव्हा हे दोन अर्थ शेजारी ठेवून वाचकाच्या हाती काही लागत नाही. एका जुन्या स्पॅनिश मजकुराचे भाषांतर करताना मी याच शब्दापाशी अडले आणि रेआल आकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पॅनिश भाषेची राजमान्य अकादमी, हिच्या ऑनलाइन कोशाकडे वळले. त्या शोधात हा कोश कुठे उपयोगी पडला आणि कुठे कमी पडला, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे.

संस्थेची ओळख थोडक्यात सांगते. अकादमीची स्थापना 1713 मध्ये माद्रिदला झाली. 1726 ते 1739 या काळात तिने आपला पहिला मोठा कोश सहा खंडांत काढला. शब्दांच्या वापराला मान्यवर लेखकांचे आधार दिलेले असल्यामुळे तो ‘आधारांचा कोश’ म्हणूनच ओळखला जातो. 1780 मध्ये त्याची आधारवचने वगळलेली एकखंडी आवृत्ती निघाली आणि आजचा कोश हा तिचाच वंशज आहे. छापील तेविसावी आवृत्ती 2014 मध्ये आली, तिच्यात 93,111 नोंदी आहेत आणि तीच आवृत्ती पुढच्या वार्षिक सुधारणांसह संकेतस्थळावर पाहायला मिळते. ती वापरायला पैसे पडत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. स्पॅनिश ही एकट्या स्पेनची भाषा नाही याची जाणीव ठेवून हे काम आता निरनिराळ्या देशांतील 23 अकादम्यांच्या नावाने चालते.

शोधपेटीत शब्द टाकला की पहिली व्याख्या समोर येते. तिचा आशय असा, की वंशाने जी व्यक्ती सरदारवर्गाच्या खालच्या थरात मोडत असे, ती इदाल्गो. माझ्या दृष्टीने या नोंदीतला सर्वांत मोलाचा शब्द ‘असे’ हा आहे. कोशकाराने क्रियापद भूतकाळात ठेवले आहे आणि तेवढ्यानेच वाचकाला कळते, की हा वर्ग आता अस्तित्वात नाही. ही नेमकेपणाची गोष्ट सुरुवातीपासून नव्हती. 2001 च्या बाविसाव्या आवृत्तीत हीच व्याख्या वर्तमानकाळात होती; रक्ताने जो थोर आणि प्रतिष्ठित वर्गातला आहे तो इदाल्गो, असे ती सांगत होती. म्हणजे इदाल्गोंचे विशेषाधिकार कायद्यातून एकोणिसाव्या शतकात पुसले गेले, पण कोशात त्यांना आणखी दीडशेहून अधिक वर्षे आयुष्य मिळाले. शिवाय जुन्या व्याख्येत ‘थोर आणि प्रतिष्ठित’ असे मोघम कौतुक होते, नव्या व्याख्येत ‘खालच्या थरात’ अशी कोरडी जागा दाखवली आहे. दोन आवृत्त्यांमधला हा फरक लहान दिसतो, परंतु भाषांतरकाराचे काम तोच सोपे करतो, कारण ‘उमराव’ हा प्रतिशब्द त्यामुळे तत्काळ बाद होतो. उमराव म्हटले की डोळ्यांसमोर जहागीर, वाडा आणि लवाजमा येतो. पुष्कळ इदाल्गोंकडे यातले काहीच नव्हते.

शब्दांचे वय दाखवण्यासाठी अकादमीची एक ठरीव पद्धतही आहे. 1500 नंतर ज्याचा आढळ नाही त्या शब्दाला किंवा अर्थाला ‘प्राचीन’ अशी खूण लावली जाते. 1500 नंतर वापरात होता पण 1900 नंतर सापडत नाही त्याला ‘वापरातून गेलेला’ आणि 1900 नंतर सापडतो पण आज कितपत चालतो हे ठरवणे अवघड, त्याला ‘विरळ’. या शब्दाच्या पहिल्या व्याख्येला यांपैकी एकही खूण नाही. सुरुवातीला मला ही चूक वाटली. विचार केल्यावर पटले, की शब्द जुना झालेला नाही, त्या शब्दाने दाखवली जाणारी वस्तू जुनी झाली आहे. इतिहासाचा अभ्यासक आजही हा शब्द रोज वापरतो, जसा मराठीत ‘देशमुखी’ किंवा ‘वतन’ हा शब्द वापरता येतो. शिवाय पुढचीच विशेषणाची व्याख्या, म्हणजे ‘मनाने उदार आणि थोर’, ही अजून जिवंत आहे. एखाद्याने पराभव दिलदारपणे मान्य केला तर त्याचे वागणे ‘इदाल्गो’ होते असे लिहिता येते. बोलताना मात्र ते थोडे पुस्तकी वाटेल. खूण न लावता केवळ क्रियापदाच्या काळातून हा फरक सांगणे ही चांगल्या कोशकाराची कारागिरी आहे, मात्र ती घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही.

व्युत्पत्तीच्या बाबतीत कोश कंजूष आहे. नोंदीच्या माथ्यावर ‘फिदाल्गो या शब्दावरून’ एवढेच दिलेले आहे. या शब्दाचा पूर्वार्ध ‘मुलगा’ या अर्थाचा आहे. लॅटिनमधल्या ‘फिलियुस’पासून आजचा ‘ईखो’, म्हणजे मुलगा, हा शब्द आला; शब्दारंभीचा ‘फ’ कॅस्टिल या स्पेनमधल्या जुन्या राज्याच्या बोलीत आधी नुसता हकार झाला आणि मग ऐकू येईनासाच झाला. लिहिताना तेवढे अक्षर राहिले. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये हा बदल झाला नाही, म्हणून तिथे आजही ‘फिदाल्गो’च आहे. शब्दाचा उत्तरार्ध अधिक गमतीचा आहे. ‘आल्गो’ म्हणजे आजच्या स्पॅनिशमध्ये ‘काहीतरी’, तेव्हा नवशिका वाचक इदाल्गो म्हणजे ‘काहीतरीचा मुलगा’ असा अर्थ लावतो आणि त्याला तो विनोद वाटतो. परंतु मध्ययुगात ‘आल्गो’चा अर्थ मालमत्ता, पैसाअडका असाही होता आणि हा मागे पडलेला अर्थ अकादमीच्याच कोशात ‘आल्गो’च्या नोंदीखाली मिळतो. तेराव्या शतकात दहावा आल्फोन्सो या राजाच्या काळात तयार झालेल्या ‘सिएते पार्तिदास’ या कायदेसंहितेतही या शब्दाचा उलगडा ‘चांगल्याची लेकरे’ अशा धर्तीवर केलेला आहे. घरंदाज हा आपला शब्द या अर्थाच्या बराच जवळ जातो. त्यातही घर आहे, घराची ऐपत आहे आणि त्या ऐपतीतून आलेली मानली जाणारी वागणूकही आहे. कोशाने एका नोंदीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाण्याचे काम वाचकावर सोडले आहे. प्रत्येक शब्दावर टिचकी मारून त्याच्या नोंदीवर जाता येते हे खरे, पण ‘आल्गो’कडे जायला हवे हे ज्याला आधीच ठाऊक आहे तोच तिकडे जाईल.

नोंदीचा सर्वांत समृद्ध भाग तिच्या शेवटी आहे. मुख्य व्याख्या संपल्यावर कोश इदाल्गोंचे प्रकार देतो आणि एवढ्या यादीतून एक अख्खा समाज उभा राहतो. ‘चारही बाजूंचा इदाल्गो’ म्हणजे ज्याचे आईकडचे आणि वडिलांकडचे आजी-आजोबा इदाल्गो होते तो. ‘एखेकुतोरियाचा’, म्हणजे न्यायालयाच्या निकालपत्राचा, इदाल्गो म्हणजे ज्याने न्यायालयात दावा लढवून आपले कुळ सिद्ध केले तो. याच्या उलट ‘विशेषाधिकाराचा इदाल्गो’, ज्याला हा दर्जा राजाच्या कृपेने मिळाला किंवा ज्याने तो चक्क विकत घेतला. ‘गोतेराचा इदाल्गो’ मला विशेष आवडला. गोतेरा म्हणजे छपरातून गळणारे पाणी, आपली पागोळी. ज्याचा मान आणि हक्क एका गावापुरतेच चालत आणि बिऱ्हाड हलवले की संपत, तो हा पागोळीखालचा इदाल्गो. आणखी एका प्रकाराचे नाव विजारीच्या पुढच्या फटीवरून पडले आहे: वैध विवाहातून ज्याला ओळीने सात मुलगे झाले त्या बापाला त्या कर्तबगारीबद्दल हा दर्जा मिळे. मध्येच मुलगी झाली तर ‘ओळीने’ ही अट मोडणार हे उघड आहे. पाचशे सुएल्दोंचा इदाल्गो म्हणजे कॅस्टिलच्या जुन्या कायद्यांनुसार अपमान झाल्यास पाचशे नाणी भरपाई मागण्याचा हक्क असलेला माणूस. इतकी सामग्री छोट्या द्विभाषिक कोशात मिळण्याची शक्यता नाही, आणि एवढ्या एका भागासाठीही ही सेवा उघडून पाहावी असे मी म्हणेन.

मात्र एवढी माणसे एवढा खटाटोप कशासाठी करत होती, हे हा कोश सांगत नाही. त्यामागचे मुख्य कारण कर होता. कॅस्टिलमध्ये सामान्य रयतेला ‘पेचो’ नावाचा थेट कर भरावा लागे आणि भरणाऱ्याला ‘पेचेरो’ म्हणत. इदाल्गोला तो माफ होता. कर्ज थकले म्हणून त्याला तुरुंगात टाकता येत नसे आणि फौजदारी कायद्यातही त्याला सवलती होत्या. गावोगावच्या याद्यांमध्ये कोण इदाल्गो आणि कोण पेचेरो हे नोंदलेले असे. आपले नाव चुकीच्या रकान्यात गेले असे ज्याला वाटे तो वायादोलिद किंवा ग्रानादा येथील राजन्यायालयात दाद मागे. तिथे अशा खटल्यांसाठी वेगळे दालनच होते. निकाल बाजूने लागला की मिळणारे एखेकुतोरियाचे बाड पुष्कळदा चर्मपत्रावर रंगीत चित्रांनी सजवलेले असे आणि ते घरात पिढ्यान्‌पिढ्या जपले जाई. उत्तरेतल्या बिस्काया प्रांतात तर तिथल्या मूळ रहिवाशांना सरसकट इदाल्गो मानले जाई, त्यामुळे तिथे जोडे शिवणारा आणि जमीनदार दोघेही दर्जाने सारखे. ही पार्श्वभूमी नसेल तर ‘वंशाने खालच्या थरातला सरदार’ ही व्याख्या बरोबर असूनही निर्जीव राहते.

गंमत अशी, की ही उणीव अकादमीच्याच दुसऱ्या दालनात भरून निघते. तिचा अठराव्या शतकातला तो सहा खंडांचा कोशही संकेतस्थळावर शोधता येतो. 1734 मध्ये निघालेल्या त्याच्या चौथ्या खंडात हा शब्द आहे आणि तिथल्या व्याख्येत करमाफीचा स्पष्ट उल्लेख आहे, तोही वर्तमानकाळात, कारण लिहिणाऱ्याच्या काळात ती माफी खरोखरच चालू होती. याशिवाय जुन्या कोशांचा एक मोठा संग्रह पानांच्या छायाचित्रांसह खुला आहे, ज्यात कोबार्रुबियास या जुन्या कोशकाराचा 1611 चा कोशही पाहता येतो. एकाच शब्दाच्या तीन-चार शतकांतल्या व्याख्या शेजारी ठेवून वाचण्याची ही सोय माझ्या मते मुख्य कोशाहूनही मौल्यवान आहे. पण मुख्य नोंद वाचणाऱ्याला तिचा सुगावा लागणे कठीण आहे. त्यांतली काही दालने दिसायला आणि चालायला जुनाट आहेत, आणि छायाचित्रांतली जीर्ण छपाई लहान पडद्यावर वाचताना डोळे शिणतात. हे काम मोठ्या पडद्यावरच करावे.

आता वापराविषयी. इदाल्गो, काबायेरो, ‘दोन’ (नावाआधी लावायची आदराची पदवी, इंग्रजीतले ‘डॉन’) आणि सेन्योर हे चार शब्द मराठीत आणताना सगळ्यांचे ‘सभ्य गृहस्थ’ करून टाकण्याचा मोह होतो. वास्तविक ते एका शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्या होत्या. याचा ठसठशीत पुरावा सेर्वान्तेसच्या ‘दोन किखोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या दोन भागांच्या नावांतच आहे: 1605 च्या पहिल्या भागाच्या नावात नायक ‘इदाल्गो’ आहे आणि 1615 च्या दुसऱ्या भागाच्या नावात ‘काबायेरो’ आहे. दुसऱ्या भागाच्या आरंभी सांचो आपल्या मालकाला गावातल्या कुजबुजीची बातमी देतो, की इतर इदाल्गो नाराज आहेत. त्यांच्या मते हा मालक स्वतःच्या दर्जात समाधान न मानता नावाआधी ‘दोन’ लावून काबायेरो होऊन बसला आहे. हा विनोद कळण्यासाठी शिडी माहीत असावी लागते. साध्या इदाल्गोने ‘दोन’ लावणे म्हणजे पायरी सोडून वागणे होते. अकादमीचा कोश ‘काबायेरो’च्या नोंदीत प्रतिष्ठित कुलीनतेचा इदाल्गो असा एक अर्थ देतो आणि त्यावरून क्रम लावता येतो; परंतु इदाल्गोच्या नोंदीत मात्र काबायेरोकडे बोट दाखवलेले नाही. अलीकडे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांची भर पडल्यामुळे नोंदी भरगच्च झाल्या आहेत, पण समानार्थी शब्दांच्या रांगेतून पायऱ्यांचा फरक कळत नाही, उलट झाकला जातो.

पुढे या शब्दांचे नशीब वेगवेगळे निघाले. काबायेरोचा मूळ अर्थ घोडेस्वार. त्याचा आधी सरदार झाला, मग सज्जन पुरुष आणि आता तो पुरुषांच्या प्रसाधनगृहाच्या दारावरही आढळतो. अनोळखी माणसाला आदराने हाक मारतानाही तो चालतो. आपल्याकडे चार आश्रमांपैकी एकाचे नाव असलेला ‘गृहस्थ’ हा शब्द ‘एक गृहस्थ भेटायला आले आहेत’ इथवर पोहोचला, तसाच हा प्रवास आहे. इदाल्गो मात्र इतका खाली उतरला नाही. आज कोणाला ‘इदाल्गो’ म्हणून हाक मारली तर तो थट्टा समजेल. एखाद्या पुरुषाच्या सभ्यपणाचे साधे कौतुक करायचे असेल तर शिकणाऱ्याने ‘काबायेरो’च वापरावा. इदाल्गो हा शब्द इतिहासासाठी आणि मुद्दाम जुन्या वळणाच्या लेखनासाठी राखून ठेवावा. हा सल्ला ज्या साध्या वाक्यात देता येतो ते वाक्य या कोशात नाही, कारण तो अर्थ सांगणारा कोश आहे, वापर शिकवणारा नाही. शंकानिरसनासाठी अकादमीने 2005 मध्ये वेगळा कोश काढला, तो अशा कामांसाठी आहे, पण त्याचाही भर शुद्धलेखन आणि व्याकरणावर आहे.

उच्चाराच्या बाबतीत परकीय वाचकाची निराशा होते. नोंदीत उच्चार लिहिलेला नाही. स्पॅनिशचे लेखन नियमबद्ध असल्यामुळे स्थानिक वाचकाला त्याची गरज नाही, हे मान्य. पण मी स्वतः पहिली दोन वर्षे हा शब्द ‘हिडाल्गो’ असा म्हणत होते, कारण इंग्रजी पुस्तकांतून तो तसाच कानात बसला होता. आरंभीचा ‘ह’ मूक आहे, ‘द’ दंत्य आणि मऊ आहे आणि जोर मधल्या अवयवावर आहे, एवढे कळायला मला दुसऱ्या साधनाकडे जावे लागले.

शब्दाची प्रत्यक्ष उदाहरणे पाहायची असतील तर अकादमीचे मजकूरसंग्रह आहेत: एकात आरंभापासून 1974 पर्यंतचे लेखन, दुसऱ्यात 1975 ते 2004 चे आणि तिसऱ्यात एकविसाव्या शतकातले. मुख्य नोंदीत या शब्दासाठी वापराचे वाक्य नसल्यामुळे या संग्रहांकडे जाणे भाग पडते. इथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. आधुनिक मजकुरात हा शब्द पुष्कळदा विशेषनाम म्हणूनच भेटतो. ते प्रचलित आडनाव आहे. 16 सप्टेंबर 1810 रोजी मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याची हाक देणाऱ्या मिगेल इदाल्गो या धर्मगुरूचे ते नाव आहे आणि त्याच्या स्मरणार्थ 1869 मध्ये स्थापन झालेल्या मेक्सिकोतल्या राज्याचेही. त्यामुळे नुसत्या संख्येवरून शब्द आजही जोरात चालतो असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. प्रत्येक ओळ उघडून पाहावी लागते. जुन्या संग्रहात आणखी एक अडचण येते, ती रूपांची. ‘फिदाल्गो’, ‘ईखोदाल्गो’, आणि अनेकवचनात शब्दाच्या पोटात बदल होऊन ‘ईखोसदाल्गो’, स्त्रीसाठी ‘ईखादाल्गो’. हे प्रत्येक रूप वेगवेगळे शोधावे लागते. ‘मुलगा’ हा घटक शब्दात अजून जागा आहे हे अनेकवचनाच्या या रूपातून जितके स्पष्ट दिसते तितके कोशातल्या व्युत्पत्तीच्या ओळीतून दिसत नाही.

भाषांतरकार, इतिहासाचे वाचक आणि स्पॅनिशच्या वरच्या वर्गांतले विद्यार्थी यांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी चांगला द्विभाषिक कोश वापरावा, कारण इथली व्याख्या समजण्यासाठीच तीन नवे शब्द शोधावे लागतील. माझ्या भाषांतरापुरते सांगायचे तर मी अखेर ‘इदाल्गो’ हाच शब्द देवनागरीत तसाच ठेवला आणि पहिल्या उल्लेखापाशी चार ओळींची तळटीप दिली. त्या टिपेतला भूतकाळ आजच्या कोशातून घेतला आणि करमाफी 1734 च्या खंडातून.